भट्टीपासून प्रदर्शनापर्यंत: बेळगाव सीमाभागातल्या कुंभार-कारागिरांसाठी

खानापूरची लाल माती, गोकाकची खेळणी, अथणी-निपाणीकडची चप्पल, बुरडांच्या टोपल्या. आपल्या भागात हातानं घडवणारी माणसं कमी नाहीत. आता त्यांचीच मुलं स्टोनवेअरचे (जास्त अंशांवर भाजलेल्या पक्क्या मातीचे) मग, भिंतीवरची म्युरलं, टेराकोटाच्या दिव्यांच्या शेड असं नवं काही करू लागली आहेत. मी त्यातलीच एक. वडील माठ आणि कौलं करायचे, मी झिलईची भांडी करते, आणि अंगणात त्यांच्या आव्याच्या (माठ-कौलं भाजायच्या जुन्या भट्टीच्या) जागेशेजारीच माझी लहान गॅसची भट्टी आहे. ओळखीची मुलं-मुली विचारतात, "ताई, माल बाहेर कुठं दाखवायचा? स्टॉल कसा मिळतो? स्कॉलरशिप असते म्हणे?" प्रत्येकाला फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढते.

लांबच्या प्रदर्शनाचा अर्ज हे पहिलं काम समजू नका. आधी कागद, मग आपल्याच दारात माणसं बोलावणं, आणि मग बाहेर. हा क्रम मी ठरवून सांगते आहे, कारण पुढच्या प्रत्येक अर्जात तुमच्याकडे जे मागतात (फोटो, आधी कुठं काम दाखवलं, कोण ओळखतं) ते सगळं मधल्या पायरीवर तयार होतं.

कागद

पहिला कागद म्हणजे कारागीर ओळखपत्र, 'पहचान' कार्ड. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाखालचं विकास आयुक्त (हस्तशिल्प) हे कार्यालय ते देतं. दिल्ली हाटपासून (दिल्लीतल्या कारागिरांच्या बाजारापासून) सरकारी हस्तकला मेळ्यांपर्यंत बहुतेक ठिकाणी हे कार्ड आधी विचारतात. तुम्ही कलाशाखेची पदवी घेतलेले असा किंवा घरातच शिकलेले असा, हातानं वस्तू करत असाल तर हे काढून ठेवा.

दुसरी आहे पीएम विश्वकर्मा योजना. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत कुंभार आहे, मूर्तिकार आहे, चपला करणारा आहे, टोपल्या-चटया विणणारा आहे, बाहुल्या-खेळणी करणाराही आहे. म्हणजे आपला जवळजवळ सगळा गोतावळा. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर, आणि तारण न ठेवता ५ टक्के व्याजानं कर्ज: पहिल्यांदा १ लाखापर्यंत, ते फेडलं की २ लाखांपर्यंत. एका कुटुंबातून एकालाच मिळतं, तेव्हा घरात बसून आधी ठरवा कोणाच्या नावावर करायचं ते. नोंदणी सीएससी म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडून. पंचायतीत जाऊन अध्यक्षांना आपलं काम एकदा प्रत्यक्ष दाखवून या. ज्यांनी तुमचं चाक फिरताना पाहिलं आहे, त्यांना तुम्ही कारागीर आहात हे वेगळं पटवावं लागत नाही.

आपल्याकडची खरी अडचण नावाची असते. शाळेचा दाखला मराठी, रेशनकार्ड कन्नड, आधार इंग्रजीत. एकात कुंभार, दुसऱ्यात कुंबार, तिसऱ्यात आडनावाऐवजी गावाचं नाव. पोर्टलला यातलं काही कळत नाही, ते सरळ अर्ज अडवतं. आधार, बँक पासबुक आणि पॅन या तिघांवर एकच स्पेलिंग करून घ्या, बाकीचं मागाहून बघू. कन्नड वाचता येत नसेल तर ज्याला येतं अशा मित्राला सोबत न्या. फॉर्ममधल्या एका रकान्याचा अर्थ चुकला तर महिने जातात.

चपलेचं काम करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे अथणीच्या कारागिराचा त्या नावावर कोल्हापूरच्या कारागिराइतकाच हक्क आहे. पण तो हक्क वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात नाव लागावं लागतं. त्याची फी २०२० मध्ये १० रुपयांवर आणली. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं आपल्यासारख्याच चपला दाखवल्या आणि गावोगाव चर्चा झाली. अशा वेळी ज्याचं नाव नोंदवहीत आहे त्याला बोलायला जागा असते.

आणि जीएसटी. आपण सीमेवर असल्यामुळे हा प्रश्न मुंबई-बंगळुरूच्या कलाकारांपेक्षा आपल्याला लवकर भिडतो: कोल्हापूरला माल नेला की राज्य बदललं, पणजीला नेला की परत बदललं. एरवी दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर लहान व्यापाऱ्यालाही नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना मात्र सूट आहे आणि त्या यादीत मातीची भांडी, टेराकोटा, चामड्याची पादत्राणं, बांबूच्या वस्तू आहेत. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीशिवाय चालतं, पण पॅन हवं आणि माल कितीही किमतीचा असला तरी ई-वे बिल (माल नेण्याचा ऑनलाइन परवाना) काढावं लागतं. हे बिल पुष्कळांना माहीतच नसतं. निघायच्या आधी आपल्या कर सल्लागाराकडून काढून घ्या, प्रिंट गाडीत ठेवा.

भट्टी उघडायचा दिवस

आता माझ्या आवडीचा विषय.

भट्टी उघडणं हा आमच्याकडे घरातल्यांचाच सोहळा असायचा. मी त्याला माणसं बोलवायला लागले. बेळगावहून, खानापूर गावातून, कधी कोल्हापूरहून. माझी नेहमीची गिऱ्हाइकं, शाळेतले चित्रकला शिक्षक, वास्तुविशारद आणि हॉटेलवाले यांतले बरेचसे अशा दिवशी प्रथम आमच्या अंगणात आले. समोर चाकावर माती चढताना पाहिलेला माणूस वस्तूची किंमत ऐकून वाद घालत नाही. शिवाय त्याला दोन-चार कलाकार एकदम भेटतात, कारण हा दिवस एकट्यानं करायचाच नाही. दिवा करणारी एक, टोपल्या विणणारे एक काका, कापडावर छाप करणारी एक मुलगी, अशी तीन-चार जणं एकत्र करा. जागा तुमची, खर्च सगळ्यांचा वाटून.

वेळ निवडताना पाऊस लक्षात घ्या. खानापूर तालुका घाटाला लागून, जून ते सप्टेंबर माल वाळतच नाही. दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा कुठलाही रविवार चांगला. त्या दिवशी लग्नतिथी नाही ना आणि जवळ कुठली जत्रा नाही ना, ते पाहा. माघात सौंदत्तीची यल्लम्मा आणि चिंचलीची मायाक्का, त्या दिवसांत अर्धा तालुका तिकडे असतो.

भट्टी गुरुवारी-शुक्रवारी भाजून बंद करा. रविवारी सकाळी लोक आल्यावर उघडायची तर ती आतून खरोखर थंड झालेली हवी. शंभर अंशांच्या वर असताना लोकांना दाखवण्याच्या घाईनं दार उघडलं तर गार हवेनं भांड्याला भेग जाते. पाहुणे थांबतील, भट्टीला घाई चालत नाही. ज्यांना आग बघायची हौस असते त्यांच्यासाठी छोट्या भट्टीत राकू करा. साधारण ९०० ते १००० अंशांवर झिलई वितळली की भांडं लालभडक असतानाच लांब चिमट्यानं काढून लाकडाच्या भुशात टाकायचं. धूर होतो, रंग फुटतात, मुलं ओरडतात. त्यासाठी दोरी बांधून लोकांना दूर ठेवा, वाळूच्या आणि पाण्याच्या बादल्या भरून ठेवा, चिमटा धरणाऱ्यानं चामड्याचे हातमोजे आणि सुती कपडेच घालावेत. नायलॉनची साडी किंवा ओढणी अजिबात नको. शेजाऱ्यांना आणि पंचायतीला आदल्या आठवड्यात कल्पना द्या.

लाल मातीच्या कामाबद्दल पाहुण्यांना खरं सांगा. आपली खानापूरची माती हजार अंशांच्या आसपास सुंदर पक्की होते, पण सच्छिद्र राहते, म्हणून माठात पाणी गार होतं. त्याच मातीला स्टोनवेअरच्या १२०० अंशांवर नेलं तर बहुधा ती वाकते, फुगते. म्हणून जेवायच्या ताटल्या मी वेगळ्या मातीच्या करते आणि झिलईत शिसं नाही हे पावतीवर लिहून देते. पाहुण्यांना हे ऐकायला फार आवडतं. आणि खानापुरात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्था आहे, हे बेळगावच्याच कित्येकांना ठाऊक नसतं. कुंभारकाम रीतसर शिकवणारी संस्था आपल्या तालुक्यात आहे. कोणाच्या मुलाला शिकायचं असेल तर त्याला तिकडे चौकशीला पाठवा.

मुलांसाठी एका पाटावर माती ठेवाच. पणती, बोळकं, जे जमेल ते. आई-वडील मुलांसाठी तास-दीड तास थांबतात आणि तेवढ्यात तुमचं सगळं काम बघून होतं.

बोलावणं दोन्ही भाषांत पाठवा, मराठीत आणि कन्नडमध्ये. दारावरचा फलकही तसाच. सीमाभागात भाषेवरून खूप काही घडून गेलं आहे, ते मी जाणते. पण मातीच्या पाटाभोवती बसलेली मुलं मी पाहिली आहेत, तिथे कोण कुठल्या शाळेतलं हे कोणी विचारत नाही. म्हणूनच पावसाळ्यातला आमचा दुसरा दिवस मला तितकाच जवळचा आहे. ज्येष्ठातल्या अमावास्येला कन्नड घरांत मण्णेत्तिन अमावास्या असते, मातीचे बैल करून पुजतात. आपल्याकडे बेंदराला, बैलांच्या सणाला, मातीचे बैल होतात. भट्टी लागत नाही, ऊन लागत नाही. शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर समाजमंदिरात ओली माती घेऊन बसायचं. म्हाताऱ्या कुंभारांना शिकवायला बोलवा आणि त्यांना मानधन द्या, नारळ आणि शाल देऊन भागवू नका. वशिंड कसं चिमटीत धरून काढायचं हे त्यांच्या बोटांना येतं तसं कुठल्याही पदवीधराला येत नाही, मलाही नाही.

जेवण साधं ठेवा. खानापूरला रेल्वेनं येणाऱ्यांना स्टेशनवरून कसं यायचं ते बोलावण्यातच लिहा. आणि दाराशी एक वही: नाव, फोन, गाव, काय आवडलं. ही वही जपा. हिच्यावरच पुढच्या वर्षीची विक्री उभी राहते.

भाव, फोटो, अर्ज

भाव काढताना माती, गॅस किंवा लाकूड, झिलई, तुमचे तास आणि फूट (भट्टीत फुटलेला माल), सगळं धरा. फूट धरायला लोक विसरतात. समजा भट्टीत चाळीस मग लावले आणि चौतीस चांगले निघाले, तर चाळिसांचा खर्च चौतिसांवर वाटायचा. प्रदर्शनात एक भाव आणि घरी दुसरा असं करू नका. बेळगावात घेतलेला मग पणजीत दुप्पट दिसला की गिऱ्हाईक दुखावतं.

फोटोला मोठा कॅमेरा लागत नाही. सकाळी उत्तरेच्या खिडकीपाशी करडा किंवा पांढरा कागद भिंतीवरून टेबलापर्यंत सलग सोडा, त्यावर एक वस्तू. फुलं, साडी, मागं देवघर यातलं काही नको. एक फोटो पूर्ण वस्तूचा, एक जवळून पोताचा, एक हातात धरलेला, म्हणजे आकार कळतो. प्रत्येक फोटोला नाव, माती, किती अंशांवर भाजलं, उंची-रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि वर्ष. ही यादी एकदा केली की प्रत्येक अर्जाला तीच उपयोगी पडते.

कामाविषयी लिहायला सांगतात तेव्हा 'निसर्ग आणि मानवी भावना यांचा संगम' असं काही लिहू नका. तुम्ही काय करता, कशापासून करता आणि का करता, तेवढं लिहा. 'माझे वडील कौलं करायचे. मी कौलाच्याच साच्यात भिंतीवरचे तुकडे दाबते आणि त्यावर भाताच्या राखेची झिलई देते.' निवड करणाऱ्याला एवढ्यात तुमचं घर दिसतं. आधी मराठीत लिहा, मग कोणाकडून तरी इंग्रजी करून घ्या.

बाहेर

आपल्याला तीन दिशा आहेत आणि तिन्ही जवळ आहेत.

कोल्हापूर पहिलं. दसरा चौकातल्या राजर्षी शाहू स्मारक भवनाचं कलादालन, तिथला जाणकार प्रेक्षक, आणि शाहूपुरी, बापट कॅम्प, गंगावेशीतले मूर्तिकार. तिथली माणसं काम हातात घेऊन उलटं करून बघतात. पहिलं प्रदर्शन चार-पाच जणांनी मिळून तिथं करावं असं माझं मत आहे.

दुसरा गोवा. पणजीला डिसेंबरात सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल होतो, २०१६ पासून. तिथं हस्तकला हा स्वतंत्र विभाग असतो, मातीकाम-धातूकाम मोठ्या मांडणीत पाहायला मिळतं. पहिल्या वर्षी नुसतं बघायला जा. मांडणी, दिवे, वस्तूखालची चिठ्ठी, सगळं नीट पाहून या. गोव्यात हॉटेल आणि कॅफेवाल्यांना ताटल्या-वाट्यांचे संच लागतात, ते काम वर्षभर चालतं.

तिसरं बंगळुरू. कर्नाटक चित्रकला परिषदेची चित्रसंते जानेवारीत भरते, रस्ताभर कलाकार बसतात. मुख्यतः चित्रांची, पण गर्दी आणि ओळखी या दोन्हीसाठी जावं. राज्याच्या हस्तकला महामंडळाची कावेरी दुकानं कारागिरांचा माल ठेवतात, त्यांच्याकडे नमुने घेऊन जाता येतं.

त्यापलीकडे मुंबईचा काळा घोडा महोत्सव, १९९९ पासून, जानेवारीअखेर-फेब्रुवारीत. फरिदाबादचा सूरजकुंड मेळा, १९८७ पासून, फेब्रुवारीत. दिल्ली हाटला पंधरा-पंधरा दिवसांनी कारागीर बदलतात, तिथं पहचान कार्ड लागतंच. बचत गटातल्या बायकांनी सरस मेळ्याची (बचत गटांच्या मालाच्या मेळ्याची) चौकशी पंचायतीतल्या संजीवनी या राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानाच्या कार्यकर्त्यांकडे करावी. नुसत्या सिरॅमिक्ससाठी भारतीय सिरॅमिक्स त्रैवार्षिक प्रदर्शन आहे: पहिलं २०१८ मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात, दुसरं २०२४ मध्ये दिल्लीत. तिथं विक्रीपेक्षा विचार मोठा असतो आणि मातीतून काय काय करता येतं ते पाहून मान ताठ होते.

स्टॉल घ्यायच्या आधी भाडं, प्रवास, राहणं, मदतनीस यांची बेरीज करा. तेवढ्याच्या किमान तिप्पट विक्री होईल असं प्रामाणिकपणे वाटत नसेल तर त्या वर्षी प्रेक्षक म्हणून जा. पैसे भरून 'आंतरराष्ट्रीय पुरस्कार' देणारी पत्रं येतात, त्यांना उत्तरही देऊ नका.

माल भरताना आपलं भाताचं पिंजर (पेंढा) वापरा. आजोबांच्या काळापासून माठ त्यातच जातात आणि गोव्याच्या वाटेवर चोर्ला घाटाच्या वळणांवर ते फुग्यांच्या प्लास्टिकपेक्षा चांगलं टिकतं. मात्र ते कडकडीत वाळलेलं हवं, नाहीतर बुरशीचे डाग येतात. भांड्याच्या आतही भरा. खोक्यात खोकं ठेवा आणि दोन्हींच्या मध्ये चार बोटं पिंजर. ताटल्या आडव्या रचू नका, उभ्या लावा.

शिष्यवृत्ती आणि पुढचं

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयाला, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. तिच्या दृश्यकलेत मातीकाम धरलेलं आहे. त्यानंतर कनिष्ठ फेलोशिप २५ ते ४० वयाला महिना १०,००० आणि ज्येष्ठ फेलोशिप चाळिशीपुढे महिना २०,०००, तीही दोन वर्षं. फेलोशिपला विषय लिहून द्यावा लागतो. आपल्याकडे विषयांना काय तोटा: खानापूरची कौलं, बेंदराचे बैल, गोकाकची मातीची फळं. ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन, तिची शिष्यवृत्ती आणि दिल्लीतले गढी स्टुडिओ हेही पाहा. बाहेर राहून शिकायचं असेल तर पुदुच्चेरीची गोल्डन ब्रिज पॉटरी, १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी उभी केलेली. आज देशात स्टोनवेअर करणारे कितीतरी जण तिथून घडले. परदेशात सिरॅमिक्ससाठी जपानची मिनो स्पर्धा, इटलीतलं फाएन्झा, कोरियातला ग्योंग्गी बिएनाले. पहिली निवड फोटोंवरूनच होते, म्हणून वर फोटोंबद्दल इतकं लिहिलं.

या सगळ्या अर्जांना मागच्या कामाचा पुरावा लागतो. भट्टीच्या दिवसाचं बोलावणं, वर्तमानपत्रातलं कात्रण, शाळेनं दिलेलं पत्र, प्रदर्शनाचं ब्रोशर, हे सगळं तारखेसकट एका फायलीत लावत जा आणि प्रत्येकाचा फोटो काढून फोनमध्येही ठेवा. शिफारसपत्र मागायचं तर मुदतीच्या महिनाभर आधी मागा आणि सोबत आपल्या कामाची अर्ध्या पानाची माहिती स्वतः लिहून द्या, म्हणजे पत्र देणाऱ्या सरांना सोपं जातं.